कोबुर्गच्या ढालीवरचा चेहरा
(एका लहान जर्मन शहराचे मानचिन्ह कसे वाचावे?)



शाळेचा बिल्ला, नगरपालिकेच्या कागदावरचा शिक्का, बँकेच्या पासबुकावरचे चित्र अशी कितीतरी चिन्हे आपण रोज पाहतो. पाहतो, पण वाचत नाही. चिन्ह हे अक्षरांसारखेच वाचायचे असते. ते कोणी ठरवले, कशासाठी ठरवले, मध्येच कोणी बदलले का, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ उलगडत नाही. आजच्या पाठात आपण जर्मनीतील एका लहान शहराचे मानचिन्ह वाचणार आहोत. चित्र अगदी साधे आहे: सोनेरी ढाल आणि तिच्यावर एका काळ्या माणसाचे मस्तक, कानात सोन्याची बाळी. एवढ्याशा चित्रात सुमारे सतराशे वर्षांची एक कथा, एक धर्मसुधारणा, एक हुकूमशाही आणि आजचा एक न सुटलेला वाद सामावलेला आहे.

मानचिन्ह म्हणजे काय?

युरोपात बाराव्या शतकात लढाईला जाणारे सरदार डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घालू लागले. शिरस्त्राणाने चेहरा झाकला जाई. आपला कोण आणि परका कोण, हे ओळखायचे कसे? मग प्रत्येकाने आपल्या ढालीवर एक ठरावीक चित्र रंगवून घेतले. पुढे ते चित्र मुलाकडे, नातवाकडे जाऊ लागले आणि घराण्याची खूण बनले. सरदारांचे पाहून बिशप, मठ आणि शहरे यांनीही आपापली चिन्हे घेतली. ढालीची लढाई संपली, पण चित्राला ढालीचा आकार मात्र राहिला.

आज जर्मनीत दहा हजारांहून अधिक गावे आणि शहरे आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाचे स्वतःचे मानचिन्ह आहे. काही चिन्हे शब्दाचा खेळ करतात. म्युनिक या नावात ‘मुंक’, म्हणजे मठातला साधू, हा शब्द लपला आहे, म्हणून त्या शहराच्या ढालीवर साधू आहे. बर्लिनच्या ढालीवर अस्वल आहे, कारण जर्मन भाषेत अस्वलाला ‘बेर’ म्हणतात. काही चिन्हे पूर्वीच्या मालकाची आठवण ठेवतात. जी गावे एके काळी माइन्ट्सच्या आर्चबिशपच्या ताब्यात होती, त्यांतील अनेकांच्या ढालीवर आजही सहा आऱ्यांचे चाक दिसते. माइन्ट्सची ती खूण.

ही पद्धत आपल्या देशातही आली. १८७७ साली दिल्लीला मोठा दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून जाहीर करण्यात आले. त्या वेळी संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली गेली. त्यांवरची मानचिन्हे युरोपीय रीतीने रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तयार केली होती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा येथील जुन्या वाड्यांवर व कागदपत्रांवर जी ढालीच्या आकाराची राजचिन्हे आढळतात, त्यांच्याकडे पाहताना हा संदर्भ लक्षात ठेवावा. आणि एक गंमत अशी, की या व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट हा आपल्या पाठातल्या कोबुर्गचाच. त्याचा जन्म १८१९ साली कोबुर्गजवळच्या रोझेनाऊ या वाड्यात झाला.

वाचण्याचे तीन नियम

मानचिन्हांचे शास्त्र मोठे आहे. आपल्याला तीनच नियम पुरेत.

पहिला नियम रंगांचा. सोने आणि चांदी यांना ‘धातू’ म्हणतात. चित्रात ते पिवळे व पांढरे दाखवतात. लाल, निळा, काळा, हिरवा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही, कारण लांबून दिसले पाहिजे. कोबुर्गच्या ढालीवर सोन्यावर काळे आहे, म्हणजे नियम पाळला गेला आहे.

दुसरा नियम दिशेचा. उजवी आणि डावी बाजू ही ढाल धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात. म्हणून ‘उजवीकडे पाहणारे मस्तक’ असे लिहिले असेल, तर आपल्याला ते डावीकडे पाहताना दिसते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. मानचिन्ह हे मुळात चित्रात नसते, तर शब्दांत असते. ‘सोनेरी ढाल, तिच्यावर उजवीकडे पाहणारे मूराचे मस्तक, कानात सोन्याची बाळी’ असे वर्णन ठरलेले असते. त्या वर्णनाला धरून चित्रकाराने आपल्या हाताने चित्र काढायचे. दहा चित्रकार दहा प्रकारे काढतील आणि वर्णनाशी जुळणारी ती सगळी चित्रे खरीच धरली जातील. हा नियम नीट ध्यानात ठेवा. पाठाच्या शेवटी तो उपयोगी पडणार आहे.

कोबुर्गची ओळख

कोबुर्ग हे दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या उत्तर टोकाचे शहर. लोकसंख्या सुमारे ४० हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. डोंगरावर मोठा किल्ला, खाली बाजारचौक, जुनी चर्चे. या जागेचा पहिला लेखी उल्लेख १०५६ सालचा आहे आणि शहराचे हक्क मिळाले १३३१ साली. १३५३ मध्ये ते वेटिन या राजघराण्याकडे गेले आणि त्यांच्याच शाखांकडे १९१८ पर्यंत राहिले. पहिल्या महायुद्धानंतर राजेशाही संपली. थुरिंगियात जायचे की नाही, यावर ३० नोव्हेंबर १९१९ रोजी जनमत घेतले गेले. लोकांनी मोठ्या बहुमताने नकार दिला आणि १ जुलै १९२० पासून कोबुर्ग बव्हेरियात सामील झाले.

त्या बाजारचौकात उभे राहिले, की नगरपालिकेच्या इमारतीच्या माथ्यावर हातात दंड धरलेला एक शिपाईगडी दिसतो. कोबुर्गचे लोक त्याला प्रेमाने ‘सॉसेजवाला’ म्हणतात. चीडच्या फळांच्या विस्तवावर भाजलेले सॉसेज ही तिथली खासियत. ते ३१ सेंटिमीटर लांब असावे आणि त्याचे माप या पुतळ्याच्या हातातल्या दंडावरून घ्यावे, अशी तिथली गमतीची समजूत आहे. खरे तर हा पुतळा शहराच्या रक्षक संताचा आहे आणि ढालीवरचे मस्तकही त्याचेच. त्याचे नाव संत मॉरिस. जर्मन लोक त्याला मोरित्स म्हणतात.

ढालीवर कोण आहे?

संत मॉरिसची कथा अशी. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन सैन्यात एक पलटण होती. तिच्यातले सैनिक इजिप्तमधील थिबीज या भागातून भरती केलेले आणि सगळे ख्रिस्ती होते. मॉरिस हा त्यांचा सेनापती. आल्प्स पर्वतातील आगाउनुम या ठिकाणी बादशहाचा हुकूम आला, की रोमन देवतांना आहुती द्या आणि निरपराध ख्रिस्ती लोकांवर शस्त्र चालवा. मॉरिस आणि त्याच्या माणसांनी नकार दिला. बंड केले नाही आणि पळूनही गेले नाहीत. हुकूम मोडल्याबद्दल सगळी पलटण कापून काढण्यात आली.

ही कथा लिओंचा बिशप युखेरियस याने पाचव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर दीडशे वर्षांच्या सुमारास, लिहून ठेवली. त्यामुळे तिच्यात इतिहास किती आणि श्रद्धा किती, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. परंतु कथेचा प्रभाव मात्र निःसंशय मोठा. आगाउनुम येथे ५१५ साली मठ स्थापन झाला. आज ते गाव स्वित्झर्लंडमध्ये असून त्याचे नावच सेंट-मॉरिस आहे. जर्मन राजा पहिला ओटो याने ९३७ साली माग्डेबुर्ग येथे संत मॉरिसच्या नावाने मठ उभारला आणि मॉरिस हा साम्राज्याच्या प्रमुख संतांपैकी एक झाला.

आता चेहऱ्याकडे येऊ. सुरुवातीच्या चित्रांत मॉरिस हा इतर रोमन सैनिकांसारखाच गोरा दाखवला जाई. मग १२४० ते १२५० च्या सुमारास माग्डेबुर्गच्या मोठ्या चर्चमध्ये त्याचा दगडी पुतळा घडवला गेला. अंगात साखळ्यांचे चिलखत आणि चेहरा स्पष्टपणे आफ्रिकी माणसाचा. नाव ‘मॉरिशियस’, म्हणजे ‘मूर’ या शब्दाच्या जवळचे, आणि गाव इजिप्तमध्ये, म्हणून शिल्पकाराने त्याला काळा घडवला. तो पुतळा आजही तिथे आहे आणि आजही पाहणारा थबकतो, कारण त्यात टिंगल नाही. एका धीरगंभीर योद्ध्याचा तो चेहरा आहे. त्यानंतर जर्मन प्रदेशांत मॉरिसला काळा दाखवण्याची प्रथा पसरली. कोबुर्गच्या मुख्य चर्चला त्याचेच नाव आहे आणि शहराच्या ढालीवरही त्याचेच मस्तक आले.

म्हणजे पहिला अर्थ हा: ढालीवरचा काळा माणूस गुलाम नाही, हरलेला शत्रूही नाही. तो शहराचा रक्षक आहे. अन्यायाचा हुकूम नाकारून मेलेला सेनापती आहे.

इथे एक सावधगिरी हवी. युरोपातल्या प्रत्येक मानचिन्हावरचे काळे मस्तक संत मॉरिसचे नसते. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या ध्वजावर चार मूरांची मस्तके आहेत. ती आरागोनच्या राजांकडून आली आणि त्यांची दंतकथा मूरांवरच्या विजयाची आहे. म्युनिकजवळच्या फ्रायझिंगच्या बिशपांच्या चिन्हात मुकुट घातलेले काळे मस्तक आहे; ते २००५ साली पोप झालेल्या सोळाव्या बेनेडिक्ट यांनीही आपल्या चिन्हात घेतले होते. तिन्ही चित्रे दिसायला सारखी, पण तिघांच्या कथा वेगळ्या. नुसत्या चित्रावरून निष्कर्ष काढू नये, तो यासाठी.

संतपूजा थांबली, चिन्ह राहिले

सोळाव्या शतकात कोबुर्गने मार्टिन ल्यूथरचा सुधारणावादी पंथ स्वीकारला. १५३० साली एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत स्वतः ल्यूथर कोबुर्गच्या किल्ल्यावर राहिला होता आणि ईस्टरच्या दिवसांत त्याने याच सेंट मोरित्स चर्चमध्ये प्रवचने दिली. या पंथात संतांची आराधना होत नाही. तरीही शहराने आपल्या संताचे मस्तक टाकून दिले नाही. आता तो नवस बोलण्याचा संत उरला नव्हता. तो ‘आपला’ झाला होता. चिन्हाचा दुसरा अर्थ इथे तयार झाला: धर्माच्या पलीकडची, गावाची ओळख. आज कोबुर्गच्या रस्त्यांवरच्या गटारांच्या लोखंडी झाकणांवरही हे मस्तक ओतलेले दिसते.

१९३४ : ढालीवरून चेहरा पुसला गेला

आता या पाठाचा कठीण भाग येतो. ऑक्टोबर १९२२ मध्ये अडॉल्फ हिटलर आपल्या शेकडो अनुयायांसह खास आगगाडीने कोबुर्गला आला आणि रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या. २३ जून १९२९ च्या निवडणुकीत नगरपालिकेच्या २५ जागांपैकी १३ जागा नाझी पक्षाला मिळाल्या. नाझींना बहुमत देणारे कोबुर्ग हे जर्मनीतील पहिले शहर. तिथले नाझी पुढारी फ्रान्त्स श्वेडे १९३१ साली महापौर झाले.

माणसांचे वंश उच्च आणि नीच असतात, हे ज्यांचे मुख्य तत्त्वज्ञान, त्यांना आपल्या ‘आदर्श’ शहराच्या ढालीवर आफ्रिकी माणसाचा चेहरा कसा चालावा? १९३४ साली त्यांनी मानचिन्हच बदलले. मॉरिसच्या जागी उभी तलवार आली आणि तिच्या मुठीच्या टोकाला स्वस्तिक.

आपल्या घरी उंबरठ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, पूजेच्या कलशावर आपण जे स्वस्तिक काढतो ते मंगलाचे चिन्ह आहे आणि ते हजारो वर्षे जुने आहे. नाझींनी तीच आकृती तिरकी करून आपल्या पक्षाची खूण केली. तिच्याखाली साठ लाख ज्यू लोकांची आणि आणखी लाखो लोकांची हत्या झाली. कोबुर्गच्या उरलेल्या ज्यू रहिवाशांनाही १९४१ आणि १९४२ मध्ये पूर्वेकडे पाठवले गेले. म्हणून आजच्या जर्मनीत नाझी चिन्ह सार्वजनिकरीत्या मिरवणे हा गुन्हा आहे. शिक्षण, कला, संशोधन यांसाठी तेवढी सूट आहे. आपले मूल परदेशी गेले आणि वहीवर स्वस्तिक काढू लागले, तर शेजारचा का दचकतो, हे आपल्याला समजले पाहिजे. आपल्या मनातला अर्थ खोटा नाही आणि त्याची भीतीही खोटी नाही.

कोबुर्गच्या ढालीवर म्हणजे दोन चिन्हांची अदलाबदल झाली होती. अन्यायी हुकूम नाकारणाऱ्या सेनापतीच्या जागी हुकूम निमूटपणे मानायला लावणाऱ्या सत्तेची तलवार बसली. हे चित्र बदलणाऱ्यांना ती कथा कितपत ठाऊक होती कोण जाणे, पण याहून बोलका बदल शोधून सापडणार नाही.

११ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य कोबुर्गमध्ये शिरले. त्याच वर्षी तलवार गेली आणि मॉरिस परत आला. चिन्हाचा हा तिसरा अर्थ: ज्याला हाकलले होते, त्याला शहराने पुन्हा सन्मानाने जागेवर बसवले.

आजचा प्रश्न

गोष्ट इथे संपली असती तर सोपे झाले असते. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि जगभर निदर्शने झाली. जर्मनीतही जुनी नावे आणि चिन्हे तपासली जाऊ लागली. त्याच वर्षी कोबुर्गचे मानचिन्ह बदलावे, अशी मागणी करणाऱ्या सह्या गोळा झाल्या. लगेच ते बदलू नये म्हणूनही सह्या गोळा झाल्या. शहराने चिन्ह कायम ठेवले.

दोन्ही बाजू नीट समजून घ्या. चिन्ह ठेवा म्हणणारे सांगतात: हा संत आहे, त्याचा आदर म्हणूनच तो ढालीवर आहे, त्याला काढणारे शेवटचे लोक नाझी होते. ते आपण पुन्हा करायचे का? बदला म्हणणारे सांगतात: हेतू चांगला असेल, पण जे चित्र प्रत्यक्ष दिसते ते जाड ओठ आणि कानात बाळी अशा ठोकळेबाज साच्यातले आहे. मॉरिसचे चिलखत नाही, त्याचे शौर्य नाही. फक्त वंशाच्या खुणा उरल्या आहेत. रस्त्याने जाणाऱ्या काळ्या मुलाला सतराशे वर्षांपूर्वीची कथा कोण सांगणार? त्याला झाकणावरचा चेहराच दिसणार. शिवाय ‘मोर’ हा जुना जर्मन शब्द आज अपमानास्पद मानला जातो. बर्लिनमध्ये तो शब्द असलेल्या एका रस्त्याचे नाव २०२५ मध्ये बदलून आन्टोन विल्हेल्म आमो यांचे नाव दिले गेले. हे आमो मूळचे आजच्या घानामधले. अठराव्या शतकात त्यांनी जर्मन विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवले.

आता आपला तिसरा नियम आठवा. मानचिन्ह शब्दांत असते, चित्र हे त्याचे एक रूप असते. तेव्हा ‘ठेवा’ आणि ‘काढा’ यांच्यामध्ये आणखी एक वाट आहे: कथा तीच ठेवून चेहरा नव्याने काढण्याची. माग्डेबुर्गच्या शिल्पकाराला जे पावणेआठशे वर्षांपूर्वी जमले, म्हणजे काळ्या माणसाला पूर्ण माणूस म्हणून घडवणे, ते आजच्या चित्रकाराला का जमू नये? अर्थात हे ठरवण्याचा अधिकार कोबुर्गच्या लोकांचा आहे. बव्हेरियाच्या नगरपालिका कायद्यानुसार प्रत्येक गावाला आपले ऐतिहासिक मानचिन्ह बाळगण्याचा हक्क आहे आणि नवे घ्यायचे असेल तर त्याला मंजुरी लागते.

आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहत आहोत. आपली काही चिन्हे शेजाऱ्यांना कळत नाहीत, त्यांची काही आपल्याला कळत नाहीत. अशा वेळी चिन्हाला विचारायचे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा: हे कोणी आणि कोणाच्या सन्मानार्थ निवडले? मधल्या काळात ते कोणी बदलले किंवा पुसले? ते परत कोणी आणले? आणि आज ते पाहून कोणाला दुखते? पहिल्या तिन्हींची उत्तरे ग्रंथालयात मिळतील. चौथ्याचे उत्तर माणसाला विचारूनच मिळेल.

स्वाध्याय

१. ‘मानचिन्ह मुळात शब्दांत असते’ म्हणजे काय, हे कोबुर्गच्या उदाहरणाने चार-पाच वाक्यांत लिहा.

२. धर्मसुधारणेनंतरही कोबुर्गने संताचे मस्तक का ठेवले असावे? तुमचे मत लिहा.

३. वर्गात दोन गट करा. एकाने चिन्ह ठेवण्याची, दुसऱ्याने बदलण्याची बाजू मांडावी. पंधरा मिनिटांनी बाजू बदला आणि पुन्हा बोला.

४. उपक्रम : आपल्या शाळेच्या किंवा गावाच्या चिन्हाचे फक्त शब्दांत वर्णन लिहा. ते वर्णन चिन्ह न पाहिलेल्या मित्राला देऊन त्याच्याकडून चित्र काढून घ्या. मूळ चिन्हाशी ताडून पाहा. जे वर्णनात राहून गेले, ते का राहिले, यावर घरी आजी-आजोबांशी बोला आणि त्यांनी सांगितलेले दहा ओळींत लिहून आणा.